छत्रीवाल्याची मूठ

त्या शहरात नदी लोकांच्या डोक्यावरून वाहायची. पूर्वेच्या डोंगरातून निघायची, सगळ्यात उंच घराच्याही बऱ्याच वरून, खांब नाही, पाट नाही, कसला आधार नाही, अशी मोकळ्या हवेतून शहर ओलांडायची आणि पश्चिमेच्या दरीत उतरायची. ती वर का राहते, हे विचारायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. पाणी हवं असलं की गच्चीवरून लांब नळी वर सोडायची आणि रस्त्यावर निघायचं तर छत्री घ्यायची. कारण नदी बारा महिने ठिबकायची. गल्लीगल्लीचं ठिबकणं वेगळं. कुठे टपटप, कुठे नुसती भुरभुर, तर कुठे एखादा मासासुद्धा येऊन आदळायचा आणि दोन दुकानदार तो कोणाचा यावर भांडायचे.

अशा गावात छत्रीवाल्याला कामाची काय ददात? बाजाराच्या कोपऱ्यावर नवरा-बायको दोघांचं दुकान होतं. तो काड्या वाकवायचा, दांडे घासायचा, चाप बसवायचा. ती कापड बेतायची, शिवायची आणि शेवटी सांगाड्यावर ताणून बसवायची. हे ताणणं एकट्याचं काम नाही. एकाने सांगाडा धरायचा, दुसऱ्याने कापड ओढायचं. पाचवीला पुजल्यासारखं हे काम दोघं जन्मभर करत आले होते, त्यामुळे बोलायचीसुद्धा गरज पडायची नाही.

एके दिवशी दुपारी नवरा बाहेरून आला तो डावा हात मिटून. मुठीवर राखाडी रंगाची पट्टी गुंडाळलेली. छत्रीवालीचं लक्ष कापडात होतं. ती म्हणाली, "बरं झालं आलात. धरा जरा सांगाडा."

त्याने उजव्या हाताने धरला. सांगाडा कलंडला.

"दोन्ही हातांनी धरा की."

"डावा आता धरायचा नाही," तो म्हणाला. "मिटला."

"मिटला म्हणजे? दुखतोय का?"

"नाही गं. मी मूठ घेतली."

छत्रीवालीने कपाळावर हात मारला. हातात सुई होती, ती जरा टोचलीही.

मुठेकरी तिला माहीत नव्हते असं नाही. सगळ्या शहराला माहीत होते. राखाडी कपडे घालायचे, जुन्या मिठाच्या गोदामात जमायचे, आणि एक हात कायमचा मिटून ठेवायचे. त्यांचं म्हणणं असं, की नदी पूर्वी जमिनीवरून वाहायची. मग कोणीतरी तिला मुठीत धरून वर उचललं आणि तेव्हापासून ती मुठींच्या जोरावर वर आहे. शहरात पुरेशा मुठी मिटलेल्या आहेत तोवर नदी वर राहील. मुठी सुटल्या की नदी सुटेल. मूठ घेताना आत काहीतरी असतं म्हणे. ते काय, ते कोणी कोणाला सांगत नाही. आपल्या माणसालाही नाही. माणसं मोठी सभ्य, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण एका हाताने नमस्कार करून अशी बघायची, की जणू समोरच्याचं घर त्यांनीच वाहून जाण्यापासून वाचवलंय. छत्रीवालीला त्यांचा मनस्वी कंटाळा होता. कोणी मुठेकरी दुकानात आला की ती मुद्दाम त्याला दोन्ही हातांनी उघडावी लागणारी छत्री दाखवायची.

आणि आता घरातच एक.

पुढचे दिवस तिचे कसे गेले, ते तिचं तिला ठाऊक. सकाळी सदऱ्याची बटणं तिने लावायची. चपलेचा पट्टा तिने ओढायचा. भाकरी तोडून द्यायची. आंघोळीच्या वेळी हा गृहस्थ एक हात छपराकडे करून उभा राहणार, पट्टी भिजता कामा नये म्हणून. काड्या तो एका हाताने, गुडघ्यात धरून वाकवायचा. दहातल्या चार तुटायच्या, त्यांचे तुकडे ती वेचायची. सांगाडा धरायला माणूस नाही म्हणून तिने तो दाराच्या कडीला बांधून कापड ताणायला सुरुवात केली. त्यामुळे दार उघडलं की छत्री गिऱ्हाइकाच्या तोंडावर उघडायची.

वर वन्संचं कौतुक. नवऱ्याची ही थोरली विधवा बहीण माडीवर राहायची आणि जेवायला खाली यायची. "माझा भाऊ लहानपणापासूनच श्रद्धाळू," वन्सं म्हणाल्या. "सगळं शहर सावरून धरलंय त्यानं."

"शहर नंतर सावरू देत, वन्सं. आधी ताट सावरायला सांगा. आमटी सांडतेय."

"तुला त्यातलं कळायचं नाही."

"मला कळतं ते एवढंच, की मी दोन माणसांचं काम तीन हातांनी करतेय आणि त्यातले दोन माझेच आहेत."

नवरा मान खाली घालून जेवत होता. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण मूठ घेतल्यापासून तो भांडतही नव्हता. आत काय आहे, असं तिने सरळ विचारून पाहिलं, गोडीत विचारून पाहिलं, रागाने विचारून पाहिलं. उत्तर एकच. "सांगायचं नसतं." एके दुपारी त्याचा डोळा लागला होता. ती हळूच जवळ बसली आणि पट्टीची गाठ सोडायला लागली. पहिला वेढा सुटतोय न सुटतोय तोच तो दचकून उठला आणि हात छातीशी घेऊन भिंतीला टेकला. तिला वाटलं आता ओरडेल. ओरडला नाही. त्याच्या डोळ्यांत भीती होती. चोर पकडला गेल्यावर त्याच्या डोळ्यांत असते तशी. उचापत तिने केली होती आणि घाबरला होता तो, हे तिला कुठेतरी खटकलं. पण कामाच्या रगाड्यात खटकलेल्या गोष्टीमागे किती जायचं? तिने ठरवलं, आता मुळावरच घाव घालायचा.

दुसऱ्या दिवशी दुकान वन्संवर सोपवून ती मिठाच्या गोदामात गेली.

आत गारवा होता. भिंतींना अजून मिठाचे पांढरे ओघळ होते. पाचपन्नास माणसं जमिनीवर बसलेली, सगळ्यांचा एकेक हात मांडीवर मिटलेला आणि कोणी काही बोलत नव्हतं. ना भजन, ना प्रवचन. वरून नदीचा आवाज तेवढा येत होता. समोर एका बाकड्यावर थोरली बसली होती. सगळे तिला थोरलीच म्हणायचे. तिच्या दोन्ही मुठी मिटलेल्या. शेजारी बसलेली बाई तिला चमच्याने पेज भरवत होती.

"मी छत्रीवाल्याची बायको," छत्रीवाली म्हणाली.

"बस."

"बसायला वेळ नाही. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या हातात काय दिलंत?"

थोरलीने तोंडातली पेज सावकाश गिळली. "मी कोणाच्या हातात काही देत नाही, बाई. माणूस हात पुढे करतो. तोच मिटतो. मी फक्त पट्टी बांधवते."

"मग आत काय आहे?"

"ज्याचं त्याला ठाऊक."

"तुमच्या आत काय आहे?"

"माझं मला ठाऊक."

छत्रीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीशी बोलावं तर निदान भिंत तोंड वर करून उत्तर तरी देत नाही. "हे बघा," ती म्हणाली, "त्यांचा धंदा हातांचा आहे. तुम्ही काय, पेज भरवून घ्याल. आमचं दुकान आहे. त्यांची मूठ सोडवून द्या."

"मी मिटलेली नाही, मी कशी सोडवू? त्यानं सोडायचं म्हटलं तर गाठ साधी आहे." मग थोरली जरा पुढे वाकली. "तू त्याला काय विचारतेस? मुठीत काय आहे, हेच ना?"

"दुसरं काय विचारणार?"

"दुसरं काहीतरी विचारून बघ," थोरली म्हणाली आणि पेजेसाठी तोंड उघडलं.

छत्रीवाली पाय आपटत घरी आली. दुसरं काहीतरी म्हणजे काय, हे सांगायला त्या बाईची जीभ झिजली असती का? कोड्यात बोलणाऱ्या माणसांचा तिला पहिल्यापासून तिटकारा. रस्त्याने चार गिऱ्हाइकं भेटली, तिने एकालाही ओळख दाखवली नाही.

त्यानंतर लवकरच धान्यबाजाराच्या चौकातल्या मोठ्या छत्रीचं काम निघालं. ही छत्री म्हणजे घराएवढी. तिच्याखाली सगळे धान्यवाले पोती मांडून बसायचे. तिची एक काडी निसटली होती आणि पाणी थेट तांदळावर पडत होतं. दरवेळी हे काम छत्रीवालाच करायचा.

"शिडीवर मी चढते," ती म्हणाली. "तुम्ही खालून सांगा."

"एवढी वर्षं मी चढतोय."

"एवढी वर्षं दोन हात होते."

पण चौकातले लोक बघत होते आणि पुरुषमाणूस बघणाऱ्यांपुढे ऐकतो थोडाच. तो चढला. डावं कोपर शिडीत अडकवून उजव्या हाताने काडी खोबणीत बसवायला लागला. ती खाली शिडी धरून उभी, तोंडाचा पट्टा चालू. "जरा डावीकडे. डावीकडे म्हटलं मी. अहो, ते उजवीकडे झालं." फरशी ओली होती. शिडीचा पाय सरकला. तिने अंगाचा भार टाकला तरी सरकलाच.

शिडी गेली आणि छत्रीवाला मोठ्या छत्रीच्या दोराला लटकला. दोन्ही हातांनी. राखाडी पट्टी फाटून खाली आली आणि डाळीच्या पोत्यावर पडली. चौकातली माणसं धावली, शिडी पुन्हा लावली, कोणी त्याचे पाय धरले, आणि तो खाली उतरला.

मुठेकऱ्याची उघडी मूठ याआधी कोणी पाहिली नव्हती. धान्यवाले माना उंच करून बघत होते. हातात काही नव्हतं. खाली काही पडलंही नव्हतं. एकाने तर पोत्यांच्या मध्येही वाकून पाहिलं.

छत्रीवाली मात्र हाताकडे बघत होती. तो हलत होता. चिमटीत धरलेल्या पाखरासारखा थडथड हलत होता. पडता पडता वाचलेल्या माणसाचा हात कापतो, हे खरं. पण मग दोन्ही कापायला हवेत. उजवा स्वस्थ होता. हा डावाच कापत होता. आणि नवरा त्या हाताला दुसऱ्या हाताने दाबून धरायला बघत होता, अगदी सरावल्यासारखा.

"चला घरी," ती म्हणाली.

रस्त्यात तिने छत्री धरली. तो हात खिशात घालून चालत होता आणि खिसा हलत होता.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"बरेच म्हणजे?"

"मागे नदी गढूळ झाली होती ना, त्याच्याही आधीपासून."

त्याने मग सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्याने, पुढे बघत. आधी नुसतं करंगळीत होतं. मग काड्या निसटायला लागल्या. चाप बसेना. तिला वाटायचं तो घाईत करतो, आणि ती बोलायची. मग एकदा घड्याळजीच्या दुकानात कप धरताना चहा सांडला. घड्याळजी मुठेकरी. त्याने काही विचारलं नाही, फक्त गोदामात घेऊन गेला. घट्ट मिटून पट्टी बांधली की हात कमी हलतो. आणि हलला तरी दिसत नाही. उलट लोक नमस्कार करतात. छत्रीवाल्याचा हात गेला असं कोणी म्हणत नाही.

छत्रीवाली ऐकत गेली. तिला रडू येईल असं तिलाच वाटलं होतं. आला तो संताप.

"आणि मी? मी काय म्हटलं असतं?"

"तू काही म्हटलं नसतंस. तू माझं काम न सांगता करायला लागली असतीस."

"मग आता काय करतेय मी?"

"आता शिव्या देऊन करतेस," तो म्हणाला. "ते बरं."

तिने छत्री त्याच्या बाजूला कलती केली आणि पाय उचलला.

सकाळी दुकानाचं दार उघडलं तर बाहेर मुठेकरी उभे. राखाडी कपड्यांनी कोपरा भरून गेला होता. सगळे सभ्यपणे छत्र्या मिटून आत आले आणि जिथे जागा मिळेल तिथे बसले. कापडाच्या गठ्ठ्यांवर बसले, शिलाईच्या बाकावर बसले. एकाने तर नुकत्याच ताणलेल्या छत्रीवर बूड टेकवलं. घड्याळजी पुढे झाला. लहानखुरा, पापणीही न हलवता बोलणारा माणूस.

"मूठ सुटली म्हणतात."

"सुटली नसती तर मान मोडली असती," छत्रीवाली म्हणाली. "उठा त्या गठ्ठ्यावरून."

"वहिनी, आमचं यांच्याशी बोलणं आहे. आज सकाळी आमच्या गल्लीत ठिबकणं वाढलंय. परत मिटून घ्या म्हणावं. थोरली पुन्हा बांधवून देईल."

"काल तुमच्या गल्लीत कोणाची नळी फुटली ते आधी बघा."

माडीवरून वन्सं खाली आल्या होत्या. त्या भावाला म्हणाल्या, "बघ बाबा. एवढी माणसं म्हणतात तर मिट की. आमचं काय जातंय?"

छत्रीवाली दमली होती. शिडीचा भार घेऊन तिचे खांदे दुखत होते. गिऱ्हाईक दाराशी येऊन गर्दी बघून परत जात होतं. तिला एकदम वाटलं, मिटू देत यांना हात, बांधू देत पट्टी, मी बटणं लावीन, पण ही माणसं एकदाची उठू देत. आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याचकडे बघत होता.

त्याने डावा हात खिशातून काढला आणि शिलाईच्या बाकावर सगळ्यांपुढे ठेवला. हात हलत होता. बाकावरच्या टाचण्या बारीक आवाज करायला लागल्या.

"हा आजार आहे," तो म्हणाला. "मुठीत काही नव्हतं. लोकांना दिसू नये म्हणून मिटला होता. नदीचं मला काही माहीत नाही."

कितीतरी जणांनी नकळत वर बघितलं, छताकडे. छत्रीवालीनेही बघितलं आणि स्वतःवर चिडली. बाहेर पन्हाळीवर नेहमीसारखंच ठिबकत होतं.

गर्दीतून वाट झाली आणि थोरली आत आली. तिच्या डोक्यावर दुसऱ्याच बाईने छत्री धरली होती. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि त्या हातावर वाकली.

"तेव्हापेक्षा वाढलंय," ती म्हणाली.

छत्रीवालीने तिच्याकडे वळून पाहिलं. "तेव्हापेक्षा? म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी जन्मभर सुईण होते, बाई. हात बघितला की कळतं."

"ठाऊक होतं, आणि तुम्ही हात मिटू दिलात? मी तुमच्या दारात आले, तेव्हाही कोड्यात बोललात?"

"त्यानं लपवायला जागा मागितली. माझ्याकडे तेवढीच असते. त्याचं गुपित तुला सांगायचा हक्क माझा नव्हता." थोरली छत्रीवाल्याकडे वळली. "मला तरी तोंडाने सांगायचंस."

"तुम्हाला कशाला?" छत्रीवाली म्हणाली. "मला सांगायला हवं होतं."

"तेही खरं," थोरली म्हणाली, आणि उठली. दाराशी थांबून ती आपल्या माणसांना म्हणाली, "याला पुन्हा मिटायला सांगू नका. ज्याला मिटायचं त्याने मिटावं." तिच्या स्वतःच्या दोन मुठी पदराखाली होत्या. त्यांत काय होतं ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

माणसं हळूहळू निघाली. घड्याळजी मागे रेंगाळला. त्याने शिवायला पडलेलं कापड उचलून घडी घातल्यासारखं केलं, मग तेही जमेना म्हणून खाली ठेवलं. "वहिनी," तो म्हणाला, "हाताचं काही दाखवायचं असेल तर कोणाकडे जावं?" त्याची मूठ मनगटापर्यंत पट्टीत होती. छत्रीवाली त्याच्यावर तोंड सोडणार होती. पण तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आम्ही उद्या वैद्यांकडे जातोय. यायचं तर या. पण छत्री आपली आणा."

वैद्यांनी हात उलटापालटा करून पाहिला, बोटं एकेक करून वाकवली आणि एक कडू काढा दिला. बरा होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हळूहळू वाढेल. उजव्यातही येईल कदाचित. काढ्याने थोडं सुसह्य होईल. घड्याळजी बाहेरच्या बाकावर आपली पाळी येईपर्यंत बसून होता. आत गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. पुढचं त्याचं त्याला ठाऊक.

घरी येऊन छत्रीवाली काड्या वाकवायला बसली. हे काम तिने कधी केलं नव्हतं. काडी वाफेवर धरायची, अंगठ्याने दाबत न्यायची, जास्त दाबली तर तुटते, कमी दाबली तर छत्री पाणी धरते. नवरा समोर स्टुलावर बसून बघत होता. पहिली तुटली. दुसरी तुटली.

"अंगठा मागे घे," तो म्हणाला.

"घेतलाय."

"अजून मागे. वाफ सोडू नकोस. अगं, सोडलीस."

"तुम्ही गप्प बसाल का जरा?"

"गप्प बसलो होतो तर म्हणत होतीस सांगत का नाही. काडी फिरव. अशी नाही. इकडे."

माडीवरून वन्संनी विचारलं, काय चाललंय. तिने तिसरी काडी वाफेवर धरली आणि तो स्टूल पुढे ओढून तिच्या अंगठ्याशी डोकं आणून बसला.

"उजेड अडवू नका," ती म्हणाली.

तो जेमतेम वीतभर मागे सरकला आणि पुन्हा सांगायला लागला.